श्रद्धा जगायची कशी, मंडळीत आणि मंडळीबाहेर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मी बसून तयार केलेले नाहीत. शास्त्रपाठानंतर, उपासना संपल्यावर दारात उभं राहून, रात्री उशिरा आलेल्या फोनवर लोकांनी ते विचारले आहेत. एकदोन माझेच आहेत. मी पाळक (चर्चचा धर्मगुरू) नाही, धर्मशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कार्यकारी समितीवर बरीच वर्षं काढलेला एक सभासद आहे, आणि उत्तरं त्याच जागेवरून दिली आहेत.

मी पुन्हा पुन्हा चुकतो. मग स्वतःला ख्रिस्ती म्हणवून घेणं हे ढोंगच नाही का?

नाही. चुकणं वेगळं आणि ढोंग वेगळं. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, 'ढोंगी' म्हणून जो शब्द येतो तो मूळ ग्रीकमध्ये 'हुपोक्रितेस' आहे. मुखवटा लावून रंगमंचावर दुसऱ्याचं सोंग वठवणाऱ्या नटाला ग्रीक लोक हाच शब्द वापरत. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू दानधर्म, प्रार्थना आणि उपास यांच्याबद्दल बोलताना हा शब्द तिन्ही वेळा वापरतो. तिन्ही कामं चांगलीच आहेत. ती करणाऱ्याची नजर मात्र बघणाऱ्या लोकांवर आहे, आणि येशूला तेच खटकतं.

हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोची गोष्ट आपण बहुतेक वेळा 'देवाला कमी दिलं म्हणून शिक्षा झाली' अशी सांगतो. ती तशी नाही. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा पाचवा अध्याय नीट वाचा. येशूचा शिष्य पेत्र हनन्याला सरळ सांगतो की जमीन तुझीच होती आणि विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता. त्याने अर्धे पैसे आणून 'हे अर्धे आहेत' म्हटलं असतं तर कुणीही काही बोललं नसतं. आदल्याच अध्यायाच्या शेवटी बर्णबाने शेत विकून सगळी रक्कम प्रेषितांच्या चरणी ठेवली आहे. या जोडप्याला बर्णबाचा मान हवा होता, पण बर्णबाएवढं द्यायचं नव्हतं. कमी देण्याची मोकळीक त्यांना होती. त्यांनी पूर्ण दिल्याचं सोंग केलं.

तेव्हा तुम्ही चुकता, ते तुम्हाला कळतं, त्याचं वाईट वाटतं आणि तुम्ही हा प्रश्न विचारता, यात मुखवटा कुठे आहे? येशूची ओळख तीनदा नाकारून बाहेर जाऊन रडलेल्या पेत्राच्याच हाती येशूने आपली मेंढरं सोपवली.

पण हा प्रेषित पेत्रही नंतर ढोंगीपणाने वागला, असं प्रेषित पौल म्हणतो ना?

म्हणतो, आणि अगदी तोच शब्द वापरून म्हणतो. गलतीकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ही हकीकत आहे. अंत्युखिया शहरात पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीला बसत होता. यरुशलेमहून काही माणसं आली आणि ती काय म्हणतील या भीतीने तो मागे सरला. त्याचं बघून इतर यहुदी विश्वासणारेही सरले, बर्णबासुद्धा. म्हणजे आपण आत्ताच ज्याचं कौतुक केलं तोही. पेत्राचं मत बदललेलं नव्हतं. त्याला खरं काय ते माहीत होतं, आणि चारचौघांच्या धाकाने तो त्याच्या उलट वागला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर खडसावलं, कारण कृती सगळ्यांसमोर झाली होती आणि तिची झळ ज्या लोकांना बसली ते तिथेच बसले होते.

ढोंग फक्त वाईट माणसं करतात हा समज मी या एका परिच्छेदामुळे सोडून दिला. चांगल्या माणसाला कुणाचा तरी धाक वाटला की ते सुरू होतं. स्वतःला विचारायचा प्रश्न साधा आहे: माझ्या 'यरुशलेमहून येणारी माणसं' कोण आहेत? कुणाच्या देखत माझी भाषा आणि माझी पंगत बदलते?

रविवारी मी एक असतो आणि सोमवारी दुसराच. सुरुवात कुठून करू?

बोलण्यापासून. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो की तुमचं 'होय' होय असावं आणि 'नाही' नाही असावं. नोकरीधंद्यात हे आठवडाभर करून बघा. 'पोहोचतोय' म्हणताना खरोखर निघालेलं असणं, न वाचलेल्या कागदावर 'वाचला' म्हणून सही न करणं, आजारी नसताना आजारपणाची रजा न घेणं. गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण त्यांतच आपण दिवसातून दहा वेळा सोंग घेत असतो.

त्यानंतर भरपाई. याबाबतीत मला जक्कय हा जकातदार फार जवळचा वाटतो. येशू त्याच्या घरी आल्यावर तो मनात काय झालं याचं वर्णन करत बसत नाही, आकडे सांगतो. निम्मी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. मोशेच्या नियमशास्त्रात अन्यायाने घेतलेलं स्वतःहून कबूल करणाऱ्याला मुद्दल अधिक पाचवा हिस्सा एवढंच परत करायचं होतं (गणना ५). चौपट ही चोरलेल्या मेंढराची भरपाई होती (निर्गम २२). जक्कयने सवलतीचा नियम बाजूला ठेवला आणि स्वतःला चोराच्या रांगेत उभं केलं. आपण बहुतेक जण 'प्रभू, क्षमा कर' म्हणून पुढे जातो, आणि ज्याचे पैसे किंवा ज्याचं श्रेय आपण घेतलं तो माणूस तसाच राहतो.

साहेब खोटी नोंद करायला सांगतात. नोकरी सोडू का?

लगेच नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आणि शिपाई येऊन 'आम्ही काय करावं' असं विचारतात (लूक ३). दोन्ही धंदे बदनाम होते. योहान त्यांना धंदा सोडायला सांगत नाही. जकातदारांना म्हणतो, ठरवून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणतो, कुणाला धाक दाखवून लुबाडू नका, आपल्या पगारात समाधानी राहा. म्हणजे त्याच खुर्चीवर बसून वेगळं वागा. सोडून जाण्यापेक्षा हे पुष्कळदा अवघड असतं.

कैदी म्हणून बाबेलात नेलेल्या दानिएलाने तिथे काय केलं तेही बघण्यासारखं आहे. राजाच्या ताटातलं अन्न नको होतं, तेव्हा त्याने उपोषण केलं नाही की भाषण दिलं नाही. वरच्या अधिकाऱ्याला त्यात किती धोका आहे हे ओळखलं आणि दहा दिवसांची चाचणी सुचवली. आपल्यालाही हे करता येतं. साहेबांना एकांतात, आदराने सांगा: 'ही नोंद मी अशी करू शकत नाही, पण उशीर झाल्याचं खरं कारण लिहून आपण मुदत मागू शकतो, ते पत्र मी तयार करतो.' सूचना लेखी मागा. तोंडी आग्रह धरणारे बरेच जण कागदावर लिहून द्यायची वेळ आली की थांबतात. मंडळीतल्या एका भरवशाच्या माणसाला सांगून ठेवा, म्हणजे निर्णय एकट्याच्या भीतीतून होणार नाही.

आणि तरीही दबाव आला तर नकार द्या. त्याची किंमत मोजावी लागेल, कदाचित नोकरीचीच. 'देव सगळं नीट करेल' असं आश्वासन मी देणार नाही, कारण दानिएलाच्या सोबत्यांनीही ते गृहीत धरलं नव्हतं. मूर्तीला नमा, नाहीतर भट्टीत टाकीन, असं राजाने धमकावलं तेव्हा ते म्हणाले की आमचा देव सोडवू शकतो, आणि नाही सोडवलं तरी आम्ही नमणार नाही. इथे मंडळीचीही जबाबदारी आहे. ज्याने सचोटीपायी पगार गमावला त्याचं घर दोनचार महिने चालवायची मंडळीची तयारी नसेल, तर सचोटीवर प्रवचन करण्याचा तिला काय हक्क?

कामाच्या ठिकाणी विश्वासाबद्दल बोलावं का?

विचारलं तर जरूर. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा असं आहे, आणि लगेच 'सौम्यतेने व आदराने' असंही आहे. वाक्याचा पहिला भाग पाठ करून दुसरा विसरणारे पुष्कळ भेटतात.

एक गोष्ट मी ठामपणे सांगेन. तुमच्या हाताखालच्या माणसाशी, तुमच्या रुग्णाशी, विद्यार्थ्याशी, कर्जदाराशी या विषयावर तुम्ही स्वतःहून बोलू नका. तो 'नाही' म्हणायला मोकळा नाही. तसंच मदतीला कुठलीही अट जोडू नका, न बोललेली अटसुद्धा. रोमन सम्राट जूलियन (३६१ ते ३६३) ख्रिस्ती श्रद्धेचा कडवा विरोधक होता. त्याने गलतियातल्या आपल्या मुख्य पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात तक्रार केली आहे की हे 'गालीली' लोक स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात. विरोधकाने चिडून दिलेली ही साक्ष मला फार मोलाची वाटते. त्याच्याआधी शतकभर, साथीच्या काळात, कार्थेजचा बिशप किप्रियान आपल्या मंडळीला छळ करणाऱ्यांचंही भलं करायला सांगत होता. साथीत माणूस कुठल्या धर्माचा हे विचारून पाणी देत बसायला वेळ नसतो.

मनात शंका असताना उपासनेत स्तुतिगीत म्हणणं खोटेपणा नाही का?

स्तोत्रसंहिता उघडा. तिच्यात स्तुती आहे आणि आक्रोशही आहे, तोही भरपूर. 'किती वेळ, हे परमेश्वरा' असं विचारणारी स्तोत्रं आहेत. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. ज्यांनी हा संग्रह केला त्यांनी ते वगळलं नाही. आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका', आणि येशू त्याला आधी शंका मिटवून ये म्हणत नाही.

मदर तेरेसा यांची खाजगी पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनी आतून वर्षानुवर्षं देवाची अनुपस्थिती सोसली हे त्यांतून लोकांना कळलं. काहींनी त्याला ढोंग म्हटलं. मला ते पटत नाही. त्यांनी ते आपल्या धर्मगुरूंना मोकळेपणाने लिहिलं होतं, म्हणजे लपवलं नव्हतं. जगाला मात्र सांगितलं नव्हतं. जे वाटत नाही ते वाटतंय असं भासवणं वेगळं, आणि वाटत नसतानाही दिलेला शब्द पाळणं वेगळं. ज्या रविवारी गाता येत नाही त्या रविवारी गप्प उभे राहा, शेजारचे तुमच्या वाटचं गातील. त्यासाठीच तर आपण एकत्र जमतो.

मग मंडळीत सगळंच उघड करून सांगायचं का?

नको. 'एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा' असं याकोब लिहितो, पण ज्याच्याजवळ करायची तो माणूस निवडावा लागतो. पोटात ठेवू शकणारा एक माणूस पुरतो. आपल्या कबुलीत दुसऱ्याचं नाव येत असेल तर त्याची परवानगी हवी. आणि 'प्रार्थनेसाठी सांगते हं' या शब्दांनी सुरू होणाऱ्या गोष्टी आपण थांबवल्या पाहिजेत. कुणाचं मोडलेलं लग्न, कुणाच्या मुलीचा आजार, कुणाचं व्यसन प्रार्थनेच्या नावाखाली साखळीने पसरताना मी पाहिलं आहे. नाव न घेताही प्रार्थना होते. देवाला नाव माहीत असतं.

पाळकाने किंवा एखाद्या पुढाऱ्याने गंभीर गुन्हा केला तर? 'घरातली गोष्ट घरात' असं आम्हाला सांगण्यात आलं.

हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांतल्या काहींचा आवाज विचारताना थरथरत होता, म्हणून सविस्तर लिहितो.

मुलांवर किंवा कुणावरही लैंगिक अत्याचार, मारहाण, पैशाचा अपहार हे गुन्हे आहेत. त्यांची जागा पोलिसांकडे आणि न्यायालयात आहे. समितीची चौकशी त्याला पर्याय नाही. पीडित व्यक्तीला सुरक्षित करणं पहिलं काम, तक्रार दुसरं, मंडळीची अब्रू हा विषय त्या दिवशी चर्चेतच नको.

अशा वेळी हमखास मत्तयाचा अठरावा अध्याय पुढे केला जातो: आधी एकट्याने जाऊन त्याला समजाव, मग दोघांतिघांना ने, मग मंडळीला सांग. हा क्रम भावाभावांतल्या अपराधासाठी आहे. लहान मुलीला किंवा पाळकाच्या हाताखाली काम करणाऱ्या स्त्रीला 'तू एकटीने जाऊन त्याच्याशी बोल' असं सांगणं हा त्या वचनाचा गैरवापर आहे. अध्याय सुरुवातीपासून वाचा. तो लहान मुलाला मध्ये उभं करून सुरू होतो, आणि या लहानांपैकी एकाला जो अडखळवतो त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणं बरं, हे वाक्य त्या क्रमाच्या आधी आलं आहे.

क्षमेचा दाखलाही दिला जातो. क्षमा ही पीडित व्यक्तीने, तिच्या वेळेने, द्यायची किंवा न द्यायची गोष्ट आहे. समिती तिच्या वतीने ती देऊ शकत नाही. क्षमा मिळाली म्हणून पद परत मिळत नाही, खटला मागे घेतला जात नाही. नाथान संदेष्ट्यासमोर दावीद राजाने पाप कबूल केलं, त्याला क्षमा मिळाली, आणि त्याचे परिणाम पुढे वर्षानुवर्षं त्याच्या घरात राहिले.

'मग त्याच्या हातून झालेला माझा बाप्तिस्मा खोटा का?' असंही एका बाईंनी मला विचारलं. हा प्रश्न फार जुना आहे. ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशनने छळ सुरू केला तेव्हा काही पाळकांनी भिऊन पवित्र शास्त्राच्या प्रती अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या. पुढे उत्तर आफ्रिकेत दोनातिस्त पंथाने म्हटलं की अशांच्या हातून झालेले संस्कार निष्फळ आहेत. तिथलाच बिशप ऑगस्टिन याने उत्तर दिलं की बाप्तिस्मा ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याच्या चारित्र्यावर तो टिकत किंवा पडत नाही. त्या बाईंना मी हेच सांगितलं. पण हे उत्तर पीडितांच्या सांत्वनासाठी आहे. 'बघा, पाळक कसाही असला तरी चालतं' असं म्हणायला ते कुणी वापरू नये. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पाप करणाऱ्या वडीलजनांना, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांना, सर्वांसमोर दोष दाखवावा, असं स्पष्ट सांगितलं आहे.

मंडळीचा हिशेब मागणं हा अविश्वास आहे का?

पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती एकट्याने नेली नाही. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो सांगतो की मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत आहे, म्हणजे एवढ्या मोठ्या रकमेबाबत कुणाला बोट दाखवता येऊ नये. पुढे म्हणतो की प्रभूच्या दृष्टीनेच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे चांगलं ते करायची आम्ही काळजी घेतो. प्रेषिताला सोबत माणूस लागत होता. आपल्याला दोन सह्या, बाहेरचा लेखापरीक्षक आणि सर्वांना वाचता येईल असा जमाखर्च लागला तर त्यात कुणाचा अपमान नाही. या प्रश्नाचं मला विशेष का वाटतं ते शेवटी सांगतो.

मंडळीच्या अधिकाऱ्यांशी माझं पटत नाही. मतभेद म्हणजे बंड का?

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. ज्या धर्मभगिनींनी त्यांना आसरा दिला होता त्यांच्याशीच त्यांनी पुढे पत्रांतून सिद्धान्तांवर वाद घातला. मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाचं जू उतरवलं आहे, आता दुसरं मानेवर घेणार नाही, असा त्यांचा सूर होता. उपकार करणाऱ्यांना हे सांगणं सोपं नव्हतं. त्यांनी ख्रिस्त सोडला नाही, उलट मूळ भाषांचा अभ्यास करून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. मतभेद प्रामाणिक आहे की नुसता अहंकार, हे ओळखण्याची माझी कसोटी अशी: जे मी पाठीमागे बोलतो तेच तोंडावर, सही करून, बोलायला तयार आहे का?

ख्रिस्ती माणसाने राजकारणात पडावं का?

विल्यम विल्बरफोर्स १७८० मध्ये ब्रिटिश संसदेत निवडून आला. पाचएक वर्षांनी त्याचं मन पालटलं आणि राजकारण सोडून द्यावं असं त्याला वाटू लागलं. तो सल्ला घ्यायला जॉन न्यूटन या वयस्कर पाळकाकडे गेला, आणि न्यूटनने त्याला आहे तिथेच राहायला सांगितलं. १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा झाला. गुलामगिरीच नष्ट करणारं विधेयक मंजूर होणार हे १८३३ मध्ये नक्की झालं, आणि त्यानंतर तीन दिवसांनी विल्बरफोर्स वारला.

ही गोष्ट इथवर सगळे सांगतात. न्यूटनची बाजू मात्र पूर्ण सांगायला हवी. तो स्वतः गुलामांच्या जहाजांवर होता. १७४८ च्या वादळात त्याने देवाचा धावा केला, आपलं मन तेव्हा वळलं असं तो म्हणे, आणि तरी त्यानंतर कित्येक वर्षं तो गुलामांची वाहतूक करत राहिला, कप्तान म्हणूनसुद्धा. १७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला. त्या व्यापाराविरुद्ध त्याने पुस्तिका लिहिली ती १७८८ मध्ये. मधली चौतीस वर्षं! ही कबुली उशिरा येते आहे, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं. प्रार्थना करणारा, भक्तिगीतं लिहिणारा माणूस आपल्या काळातल्या सर्वांत मोठ्या पापाविषयी इतकी वर्षं गप्प राहू शकतो. माझ्या काळातलं ते पाप कुठलं, जे मला अजून दिसतही नाही, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

तेव्हा राजकारणात जरूर पडा, पण आपल्या समाजाचे हक्क एवढाच विषय घेऊन नको. आमोस आणि मीखा हे संदेष्टे ज्यांच्यासाठी बोलले त्यांच्यात तराजूत फसवले जाणारे गरीब होते, जमीन हिरावली गेलेली माणसं होती.

व्यासपीठावरून एखाद्या पक्षाचा किंवा नेत्याचा प्रचार चालतो का?

माझ्या मते नाही, अगदी माझ्या आवडीच्या नेत्याचाही नाही. १९३३ नंतर जर्मनीत 'जर्मन ख्रिस्ती' म्हणवणाऱ्या गटाने चर्च हिटलरच्या दावणीला बांधायला घेतलं. मे १९३४ मध्ये बार्मेन इथे जमलेल्या प्रतिनिधींनी एक जाहीरनामा काढला, मुख्यतः धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थने लिहिलेला. येशू ख्रिस्त हाच देवाचा एकमेव शब्द, त्याच्याखेरीज दुसऱ्या कुठल्या सत्तेला किंवा व्यक्तीला चर्च देवाचं प्रकटीकरण मानणार नाही, असं त्यात होतं. धाडसाचंच काम होतं. तरी त्या जाहीरनाम्यात यहुद्यांच्या छळाबद्दल अवाक्षर नाही, आणि बार्थला पुढे त्याचा पस्तावा झाला. चर्चचं स्वातंत्र्य वाचवण्यासाठी ते उभे राहिले, शेजाऱ्यासाठी उभं राहायचं राहून गेलं. दीत्रिख बॉनहोफर हा जर्मन पाळक एप्रिल १९३३ मध्येच यहुद्यांच्या प्रश्नावर लिहीत होता. ९ एप्रिल १९४५ रोजी नाझींनी त्याला फाशी दिली.

सत्तेला जाब कसा विचारावा याचं एक जुनं उदाहरण ३९० सालचं आहे. थेस्सलनीकात सम्राट थियोडोसियसच्या हुकमाने कत्तल झाली. सम्राट ख्रिस्ती होता, चर्चचा आश्रयदाता होता. मिलानचा बिशप अँब्रोस याने त्याला पत्र लिहून कळवलं की पश्चात्ताप केल्याशिवाय तुम्हाला प्रभुभोजन मिळणार नाही. सम्राटाने जाहीर प्रायश्चित्त घेतलं. 'आपल्या' माणसाला जाब विचारणं हीच खरी परीक्षा. विरोधकाला तर कुणीही विचारतं.

अन्यायी कायदा मोडावा का?

माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, असं प्रेषितांनी न्यायसभेला सांगितलं (प्रेषितांची कृत्ये ५:२९). पण ते पळाले नाहीत, फटके खाल्ले. मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात अट घातली आहे: अन्यायी कायदा मोडायचा तर उघडपणे, प्रेमाने आणि शिक्षा भोगायची तयारी ठेवून. ते पत्र लिहिलं गेलं आठ धर्मगुरूंना उद्देशून, जे त्यांना थोडं थांबा म्हणत होते. कर चुकवणं किंवा परवाना न घेता बांधकाम करणं यांना या यादीत घालू नका.

समाजमाध्यमांवर कसं वागावं?

नववी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको असं सांगते. खात्री न करता पुढे पाठवलेला संदेश ही साक्षच आहे. ख्रिस्ती लोकांच्या बाजूची खोटी बातमीही खोटीच. चुकून पाठवली असेल तर ज्या गटात पाठवली त्याच गटात 'ते खोटं निघालं, माफ करा' असं लिहा. नुसतं पुसून टाकू नका.

माझ्या वागण्यामुळे कुणी श्रद्धेपासून दूर गेलं असेल तर?

त्याच्याकडे जा. 'पण' न लावता माफी मागा. त्याला परत आणायला म्हणून जाऊ नका.

बऱ्याच वर्षांपूर्वी वार्षिक सभेत एका तरुणाने उभं राहून बांधकाम निधीचा हिशेब मागितला. मी समितीच्या बाजूने उठलो आणि म्हणालो, 'मंडळीत हिशेब मागत नाहीत, प्रार्थना करतात.' लोकांनी माना डोलावल्या. तो खाली बसला, आणि काही महिन्यांत त्याने येणंच थांबवलं. पैसे कुणी खाल्ले नव्हते. नोंदी मात्र खरोखरच ठेवलेल्या नव्हत्या, आणि ते मला त्या दिवशीही माहीत होतं. समितीतल्या वडीलधाऱ्यांसमोर वाईट दिसायला नको म्हणून मी बोललो होतो.

त्याच्या घरी जायला मला सात वर्षं लागली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, 'हे तुम्ही मला सांगताय. पण मला तर सगळ्यांसमोर बसवलं होतंत. त्यांना सांगाल?' पुढच्या वार्षिक सभेत मी ते सांगितलं, जसं घडलं तसं, स्वतःचं नाव घेऊन. बोलून झाल्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एका बाईंनी निधीच्या नोंदवह्या दाखवायला सांगितल्या. आता दर तीन महिन्यांनी जमाखर्च फलकावर लागतो. तो अजून परत आलेला नाही. वर्षातून एकदा आमचं फोनवर बोलणं होतं, आणि मी त्याला उपासनेला ये असं म्हणत नाही.